'दिवाळीला मी असेन का गं?'

प्रश्न : ताई, मी अकरावीला आहे, पुण्यात कर्वेनगरला राहते. माझे आबा ७६ वर्षांचे आहेत, त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झालाय आणि तो लिव्हरपर्यंत गेलाय. डॉक्टर म्हणाले आता केमोचा उपयोग नाही. हे मला कोणी सांगितलं नाही, मी बाबांच्या मोबाईलवर रिपोर्टचा फोटो बघितला आणि मग दाराआडून ऐकलं. आबांना सगळे सांगतात कावीळ आहे, होईल बरी. बालवाडीपासून मी त्यांच्या लुनावर मागे बसून शाळेत गेलेय, रोज सकाळी आम्ही दोघं पेपरातलं शब्दकोडं सोडवायचो. आता ते रात्रभर कण्हतात, आजी वरणभात भरवायला जाते आणि ते तोंड फिरवतात, मग ती रडते. परवा त्यांनी मला एकटीला विचारलं, 'दिवाळीला मी असेन का गं?' मी 'काहीतरीच काय आबा' म्हणून बाहेर पळाले, तेव्हापासून क्लास सुटला तरी साडेआठपर्यंत अभ्यासिकेत बसते. पेपर त्यांच्या कॉटजवळ घडी न मोडता तसेच पडलेले असतात. एकदा तर मनात आलं की संपू दे एकदाचं, आणि मग स्वतःचीच किळस वाटली. आबांना खरं सांगू का?
– एक नात

उत्तर : अगं, आधी त्या 'संपू दे'चं बघू, कारण तेच तुला रात्री झोपू देत नसणार. घरात असं आजारपण असलं की हे बहुतेकांच्या मनात येऊन जातं, तुझ्या आजीच्याही आलं असेल, ती बोलणार नाही एवढंच. शेजारच्या खोलीतलं कण्हणं ऐकत झोपायचा प्रयत्न करणाऱ्याला ते थांबावंसं वाटणारच, त्याचा अर्थ तुला आबा नकोयत असा होत नाही.

आता खरं सांगण्याचं. तू सांगू नकोस. खोटं बोल असं म्हणत नाहीये मी, पण आजाराचं नाव सांगणं हे डॉक्टरांचं आणि तुझ्या बाबांचं काम आहे, ते अकरावीतल्या मुलीच्या गळ्यात नको. आणि माझं विचारशील तर आबांना कळलेलं आहे. ज्याला पायजम्याची नाडी दर आठवड्याला अजून आवळावी लागतेय, आणि सहा सहा वर्षं न फिरकलेले नातेवाईक शहाळी घेऊन बघायला येतायत, त्याला काय कावीळ वाटणारे? त्यांनी बाबांना नाही विचारलं, आजीला नाही, तुला विचारलं, म्हणजे त्यांना बातमी नको होती, ह्या विषयावर कोणीतरी बोलायला हवं होतं.

परत विचारलं तर पळू नकोस. उलट विचार, 'आबा, तुम्हाला काय वाटतंय?' आणि मग गप्प बस, हे सगळ्यात अवघड, आपल्याला लगेच काहीतरी बोलून मोकळं व्हायचं असतं. ते म्हणतील 'नसेन बहुतेक', किंवा पंखा मोठा कर म्हणतील, दोन्ही चालेल. तुला रडू आलं तर येऊ दे. 'मला माहीत नाही आबा, पण मला भीती वाटतेय' हे पण खरंच आहे ना.

आजच रात्री बाबांना सांग की मी रिपोर्ट वाचलाय. मोबाईल का बघितलास म्हणून दोन मिनिटं बोलणी खाशील, मग बहुतेक त्यांनाच सुटल्यासारखं होईल. तेव्हाच त्यांना कण्हण्याचं विचार. कॅन्सरचं दुखणं बऱ्याच अंशी आटोक्यात ठेवता येतं, त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, आणि आपल्या वारज्यातच सिप्ला ह्या औषध कंपनीचं सेंटर आहे, १९९७ पासून, उपचार मोफत. 'मॉर्फिन नको, व्यसन लागेल' असं घरात कोणी म्हणालं तर सांग की दुखण्यासाठी डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसमध्ये दिलं तर तशी भीती नसते, पोट मात्र साफ होत नाही म्हणून त्याचंही औषध सोबतच देतात. आजीला कोणीतरी समजवा की ह्या आजारात शरीर अन्न मागतच नाही, आबा तिच्या हातच्या वरणभातावर रुसलेले नाहीत. जबरदस्तीने भरवलं तर मळमळ वाढते. डॉक्टरांना विचारून मागतील तेव्हा दोन चमचे कोकम सरबत, आईस्क्रीम, नाहीतर ओल्या कापसाने ओठ ओले करायचे, ते काम आजीला द्या, तिला हात रिकामे ठेवणं जमणार नाही.

मी दहावीत असताना माझी आजी गेली. शेवटचे दोन आठवडे मला 'अभ्यास होत नाही' म्हणून मावशीकडे पाठवलं होतं, मी परत आले ती थेट ओंकारेश्वरावर दहाव्याला. भूमितीत बरे मार्क पडले, आजीशी शेवटचं काय बोलले ते मात्र आजही आठवत नाही, घरच्यांवरचा तो राग काही गेला नाही बघ. म्हणून त्या अभ्यासिकेचा मला जरा रागच आलाय. सातला घरी ये.

नुसतं कॉटशेजारी बसणं जड जातं, म्हणून काहीतरी काम घेऊन जा. मी हिशोब केला, १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा आबा अकरा-बारा वर्षांचे असणार. पुण्यात होते का, पाणी कुठपर्यंत आलं होतं, कोणाच्या गच्चीवर चढले, विचार आणि मोबाईलवर रेकॉर्ड कर, पाच पाच मिनिटंच, दमले की बंद. गोष्ट अर्धी राहिली तरी आवाज राहील.

कधी फारच असह्य झालं आणि घरात कोणाशी बोलवेना तर टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

आणि ते पेपर रद्दीत जाऊ देऊ नकोस. उद्या सकाळी सगळ्यात वरचा उचल, घडी मोड, आडवे शब्द तू वाच, उभे त्यांच्यासाठी ठेव. डोळे मिटलेले असले तरी वाच. चुकीचा शब्द मुद्दाम भरून बघ, गप्प राहवतं का त्यांना.