बेसवाल्याच्या बाजूची सीट घे

प्रिय बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला, पण घाईघाईत दोन ओळी पाठवण्यासारखा प्रश्न नव्हता तो, म्हणून आज सकाळी चहा घेऊन निवांत लिहायला बसलेय. तू विचारलंयस की एनसीपीएचा, म्हणजे नरिमन पॉइंटच्या कलाकेंद्राचा, सीझन सुरू होतोय, एक सिम्फनीचं, म्हणजे मोठ्या पाश्चात्य वाद्यवृंदाचं, आणि एक जॅझचं अशी दोन तिकिटं काढायचा विचार आहे, पण यूट्यूबवर ऐकून बघितलं तर दहा मिनिटांत कंटाळा आला, मग पैसे घालवू का. आणि खाली लिहिलंयस, "ताई, मला त्यातलं काही कळेल का?"

तिकीट काढ. दोन्ही काढ. आणि कंटाळा आला यात तुझी काही चूक नाहीये.

तू ऐकलंस कशावर? फोनवर. त्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचे सूर बाहेरच येत नाहीत रे. डबल बेस म्हणजे व्हायोलिनसारखं दिसणारं पण माणसापेक्षा उंच, खालच्या सुरांचं वाद्य; त्याची सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते, फोनचा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही, वरचे थोडे अंश तेवढे कानावर येतात. तू तबल्याचा माणूस आहेस, तुला जर कुणी डग्गा बाजूला काढून अर्धा तास नुसती चाट ऐकवली तर तू किती वेळ बसशील? तसंच झालंय तुझं. अर्धा वाद्यवृंद गायब, आणि जे उरलं ते तुला पातळ लागलं, यात नवल काय.

मला तुला एकच गोष्ट सांगायचीये, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे. हे संगीत खालून ऐकायला शीक.

आपला कान कसा तयार होतो बघ. तू मिरजेचा, सतारमेकर गल्लीत भोपळे वाळत टाकलेले बघत मोठा झालास, दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीला रात्र रात्र जमिनीवर मांडी घालून बसलास. तिथं तानपुरा लागला की षड्ज जागचा हलत नाही, आणि त्या पक्क्या जमिनीवर गाणारा वर चालतो. म्हणून आपण सगळे वरची सुरावट धरून ठेवतो, खाली बघायची गरजच पडत नाही. सिम्फनीत आणि जॅझमध्ये जमीनच सरकते. वरचा सूर तोच राहतो आणि खालचा बदलला की त्या वरच्या सुराचा चेहराच पालटतो.

विश्वास नसेल तर रूममेटची पेटी आहे ना, ती काढ. उजव्या हातानं मध्य सप्तकातला शुद्ध गंधार धरून ठेव, सोडू नकोस. डाव्या हातानं मंद्रातला सा दे. थोडा वेळ ऐक. मग गंधार तसाच ठेवून सा च्या जागी मंद्रातला ध दे. गंधार तोच, तूच धरलायस, पण सा वर तो घरी आल्यासारखा वाटत होता आणि ध वर एकदम उदास झाला. हे एवढं तुझ्या कानानं पकडलं की हार्मनीचं, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांच्या नात्याचं, दार उघडलं समज, पुढचं पुस्तकी नंतर शिकता येईल.

म्हणून सीट कुठली घ्यायची तर बेसवाल्यांच्या बाजूची. बहुतेक वेळा ते प्रेक्षकांच्या उजव्या हाताला उभे असतात, चेलोंच्या मागे. चेलो म्हणजे बसून वाजवायचं, बेसपेक्षा लहान वाद्य. एनसीपीएच्या जमशेद भाभा थिएटरमध्ये कार्यक्रम असेल तर बाल्कनीत उजवीकडची घे, पुढच्या महाग खुर्च्यांपेक्षा मला तीच आवडते कारण वरून सगळं स्टेज दिसतं, कुणी वाजवतंय, कुणी थांबलंय, कुणी गज खाली ठेवून नुसतं मोजत बसलंय. मेंबरांना बुकिंग आधी मिळतं, त्यामुळे सगळ्यांसाठी खुलं झालं की त्याच दिवशी काढ, पगाराची वाट बघू नकोस, कमी पडले तर मला सांग.

आणि तिथं माईक नसतो हे लक्षात ठेव. हजारावर माणसं बसतात, साठ-सत्तर-ऐंशी वादक असतात आणि सगळं लाकूड, तार, कातडं, पितळ यांच्यातून थेट तुझ्यापर्यंत येतं. त्याच आवारातलं टाटा थिएटर १९८० चं, फिलिप जॉन्सनची इमारत आणि सिरिल हॅरिसचं अकूस्टिक्सचं काम, तिथं एखाद्या मैफलीत बसलास तर कळेल की गवयाचा श्वास सुद्धा मागच्या रांगेत येतो. अशी जागा आपल्या लोकलच्या पासवर पोचता येईल एवढ्या अंतरावर आहे आणि आपली कितीतरी चांगली गाणारी-वाजवणारी मुलं तिथं एकदाही गेलेली नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. ते आपलं नाही असं आपणच ठरवून टाकलंय. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ साली सुरू झाला, एनसीपीएचे खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव्ह यांनी उभा केला, आता त्यांची शिकवायची शाळाही आहे. तुझ्या वयाची मुलं त्यात वाजवताना दिसतील.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी वेळेत जाऊन बस. ओबो, सनईच्या जातीचं वाद्य, एक लांब सूर देतो, मग सगळे त्याला लावून घेतात. बेसवाल्यांकडे बघ, ते वाद्यावर वाकून कान लावून लावत असतात. व्हायोलिनच्या तारा षड्ज-पंचमाच्या अंतरानं लावतात, बेसच्या मात्र षड्ज-मध्यमाच्या, कारण वाद्य एवढं मोठं की पंचमाचं अंतर असतं तर डावा हात पुरला नसता. हे दोन मिनिटांचं लावणं मला कार्यक्रमाइतकंच आवडतं, तानपुरे जुळताना जसं पोटात काहीतरी स्थिर होतं तसंच.

मग प्रोग्रॅममध्ये काय काय येतंय ते बघ. बेथोव्हनची पाचवी असेल तर लोक पहिल्या चार सुरांसाठी येतात, तू तिसऱ्या भागाची वाट बघ. मधेच एका ठिकाणी चेलो आणि बेस एकदम धावत सुटतात, एवढी अवजड वाद्यं आणि अशी पळतात की गजाच्या केसांचं तारांवरचं घासणं सुद्धा ऐकू येतं. १८०८ साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली ती. शूबर्टची अपुरी सिम्फनी तर सुरूच चेलो-बेसच्या अगदी दबक्या आवाजात होते, इतकी हळू की बाजूच्यानं चॉकलेटचा कागद उघडला तर ती सुरुवात गेलीच. आणि माह्लरची पहिली कधी लागली तर सगळी कामं सोडून जा. तिसऱ्या भागात टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, हळूहळू दोन सुरांवर ठोके देत राहते आणि एकटा डबल बेस, वरच्या पट्टीत, थोडा घुसमटल्यासारखा, "आर यू स्लीपिंग, ब्रदर जॉन" ची चाल वाजवतो, नर्सरीतली तीच, पण मायनरमध्ये, म्हणजे गंधार कोमल. लहान मुलाचं गाणं अंत्ययात्रेसारखं ऐकू येतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातला प्रोग्रॅमचा कागद चुरगळून गेला होता, मला कळलंच नाही कधी.

बेथोव्हनच्या नवव्या सिम्फनीचा शेवटचा भाग पण तसाच. गायक तोंड उघडायच्या कितीतरी आधी बेस आणि चेलो बोलल्यासारखे वाजतात, आधीच्या तीन भागांतले तुकडे एकेक करून येतात आणि हे खालून जणू नको, हेही नको म्हणत जातात, आणि मग ती सगळ्यांना माहीत असलेली चाल पहिल्यांदा कोण वाजवतं? हेच दोघं. एकटे, हळू आवाजात. आधी खाली जमीन घातली जाते आणि मग वर माणसं गायला उभी राहतात.

टाळ्या कधी वाजवायच्या याची भीती वाटते म्हणालास. सिम्फनीचे सहसा चार भाग, मधल्या थांब्यांना वाजवत नाहीत, कंडक्टरचे हात पूर्ण खाली आले आणि तो वळला की वाजव. एवढंच. चुकून आधी वाजली तरी त्यात लाज वाटून घ्यायचं कारण नाही, माझीही वाजली होती, शेजारच्या एका पारशी आजींनी माझ्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "अजून आहे, थांब." त्यांच्यामुळेच मी परत गेले. जॅझला उलट, एकेकाचा सोलो संपला की तिथंच टाळी द्यायची, आपण चांगल्या जागेला दाद देतो तसं.

आता जॅझ. तो साधारण नोव्हेंबरात असतो तिथं, हवा पण छान झालेली असते.

मी बँकेत फोर्टला नोकरीला होते तेव्हाची गोष्ट सांगते. धोबीतलावला एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर काही गोवेकर वादक रिहर्सल करायचे, ऑफिसमधल्या एका मैत्रिणीचे मामा त्यात बेस वाजवायचे, म्हणून मी एकदा ऑफिस सुटल्यावर गेले. खोली लहान, पंखा बंद कारण नोटेशनचे कागद उडतात. मामांचं वाद्य त्यांच्यापेक्षा उंच, खांद्याशी पॉलिश उडून लाकूड उघडं पडलेलं. मी व्हायोलिन शिकते म्हटल्यावर त्यांनी विचारलं, बेस कधी ऐकलास का. मी म्हटलं हो, ऐकू येतो ना. त्यांनी मान हलवली, मला वाद्याच्या मागे उभं केलं, माझा तळहात पाठीच्या लाकडावर ठेवला आणि खालची तार उजव्या हाताच्या बोटानं ओढून सोडली. तो सूर कानात यायच्या आधी माझ्या हातात आला, कोपरापर्यंत गेला. मग त्यांनी हळूहळू चालायला सुरुवात केली, एका बारमध्ये, म्हणजे चार मात्रांच्या एका विभागात, चार सूर, ठाम, एकसारखे, त्याला वॉकिंग बेसच म्हणतात. पियानोवाला सामील झाला, ड्रमवाल्यानं झांजेवर काठी धरली, आणि माझा हात लाकडावरच होता. वर काय चाललंय ते मला नीट समजत नव्हतं पण कुठून कुठं चाललोय ते मात्र हातानं समजत होतं. त्या संध्याकाळपासून मी खालून ऐकते.

ते मामा म्हणजे एका मोठ्या परंपरेतला माणूस होते. गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये पोरांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवायचे, ती पोरं मोठी होऊन मुंबईला आली, धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या वसतिगृहांत, राहिली. १९३५ मध्ये अमेरिकन जॅझवाला लिऑन अ‍ॅबीचा बँड ताजमध्ये आला, नंतर पियानोवाला टेडी वेदरफर्ड, त्यांच्या सोबतीनं गोवेकर जॅझ शिकले, आणि दिवसा तेच लोक फिल्म स्टुडिओत. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट आपल्या सी. रामचंद्रांबरोबर काम करायचे. फिल्म स्टुडिओतले व्हायोलिनवाले अँथनी गोन्साल्व्हिस, त्यांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात रागांवर बांधलेलं ऑर्केस्ट्राचं संगीत वाजवून दाखवलं. पुढे १९७८ पासून रंगभवनला जॅझ यात्रा व्हायची. तेव्हा हे परक्यांचं आहे असं मनात आणूच नकोस, तुझ्या आजीनं रेडिओवर ऐकलेल्या गाण्यांत हेच लोक वाजवत होते.

जॅझला जायच्या आधी एकच ऐकून जा, आणि हेडफोन लावून ऐक. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचं "सो व्हॉट", १९५९ चं. त्यात मुख्य चाल बेस वाजवतो, पॉल चेंबर्स, आणि बाकीचे त्याला दोन सुरांत उत्तर देतात. आठ-आठ बारचे चार तुकडे, एकूण ३२ बारचं आवर्तन. पहिले दोन तुकडे आपल्या काफी थाटात, तिसरा तसाच पण अर्धा सूर वर, चौथा परत खाली. तू मात्रा मोजणारा आहेस, चौथ्या-पाचव्या आवर्तनाला तुला कागदाशिवाय कळेल कुठं आहेत ते. एक अडचण येईल, तुझा हात पहिल्या मात्रेवर टाळी द्यायला जाईल, समेची सवय. ड्रमवाल्याचा डावा पाय बघ, हाय-हॅट, म्हणजे पायानं मिटणारी झांजांची जोडी, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मिटतं. तिथं टाळी देऊन बघ, सुरुवातीला पाय घसरल्यासारखं होतं, मग झुलायला लागतं.

काफीचं सांगितलं खरं, पण तिथंच थांबू नकोस. हे तर आपल्यासारखंच आहे, असं म्हणून लोक खूश होऊन घरी जातात आणि ऐकायचं राहूनच जातं. आपल्यासारखं काय ते पहिल्या दिवशी शोध, दुसऱ्यांदा जाशील तेव्हा आपल्याकडे अजिबात नाही असं काय आहे ते शोध. मला त्यातच जास्त मिळालं.

जॅझला बेस बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरमधून येतो, म्हणून बाजूच्या मोठ्या स्पीकरसमोर बसू नकोस, मधली सीट बघ, बेसवाल्याचा डावा हात दिसेल अशी.

बाकी बारीकसारीक. चर्चगेटला उतरून मरिन ड्राइव्हनं चालत जा, वीसेक मिनिटं लागतात, ट्रेनचा आवाज कानातून जायला तेवढा वेळ हवाच. उशीर झाला तर दार बंद होतं आणि मधल्या थांब्यापर्यंत बाहेर उभं राहावं लागतं. कपडे स्वच्छ इस्त्रीचे असले की झालं, सूट वगैरे काही लागत नाही. खोकला असेल तर खडीसाखर आधीच तोंडात टाक.

आणि संपल्यावर लगेच पळू नकोस, शेवटची लोकल बरीच उशिरा असते. व्हायोलिनवाले पटकन पेटी बंद करून निघतात, बेसवाल्यांना वेळ लागतो. गज सैल करतात, कापडानं तारांखालची राळेची पांढरी पूड पुसतात, मग ते एवढं मोठं वाद्य आडवं न पाडता सांभाळून कव्हरमध्ये घालतात. स्टेजजवळ कुणी अडवत नसेल तर जा पुढे, आणि नीट विचारलंस तर एखादा तुलाही लाकडावर हात ठेवू देईल.

सीट नंबर कळव.

तुझी ताई