मुरलं, झिरपलं की पाझरलं?

'कारखान्याचं सांडपाणी जमिनीत मुरून विहिरीत आलं' हे बरोबर, की 'झिरपून आलं' म्हणायचं, असं विचारलंय. निदान तुम्ही 'निचरा' म्हणाला नाहीत! 'दूषित पाण्याचा निचरा थेट विहिरीत' हे मी परवाच पुन्हा ऐकलं. अहो, पाणी निघून जाऊन जागा कोरडी होते, तो निचरा. विहिरीत येतो तो कसला?

झिरपणं म्हणजे खाली उतरत जाणं. ते सोडा. मुरणं म्हणजे आत शिरून तिथेच राहणं, लोणच्यासारखं. (मुरांब्याला यात ओढू नका, तो अरबी मुरब्बा.) शिसं मातीत मुरतं, चिकणमाती त्याला धरून ठेवते. नायट्रेट मुरत नाही. त्याच्यावर ऋण भार, चिकणमातीच्या कणांवरही ऋणच, त्यामुळे ते पावसाबरोबर सरळ खाली जातं.

खरी मजा 'पाझर'मध्ये. संस्कृत प्र + क्षर् (वाहणं, झिजणं), प्राकृत पज्झर, मराठी पाझर. झरा त्याच क्षर्‌चा. अक्षरही त्याचंच: न क्षरति, जे झिजत नाही ते. आणि माझ्या मते क्षारसुद्धा. सुश्रुत सांगतो, 'क्षरणात् क्षणनाद्वा क्षारः', म्हणजे क्षरणामुळे किंवा इजा करण्यामुळे तो क्षार. आधुनिक व्युत्पत्तिकार त्याला 'जळणे' अर्थाच्या धातूकडे नेतात. नेवोत बापडे. बोअरच्या पाण्यातून पाझरून आलेल्या क्षारांनी पांढरी पडलेली बादली त्यांनी कधी घासलेली दिसत नाही.

पाझरणं म्हणजे पलीकडे बाहेर येणं. पाझर तलावात पाणी झिरपतं, तरी नाव 'पाझर', कारण नाव ठेवणाऱ्याचा डोळा खालच्या विहिरीवर!

उदयपूरजवळच्या बिछडीत एच-ॲसिडचा (कापडाच्या रंगांसाठी लागणारं रसायन) विषारी गाळ उघड्यावर टाकला होता. तो पावसात झिरपला, थोडा मातीत मुरला, उरलेला विहिरींत पाझरला. पाणी काळं पडलं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने पाहणी केली, १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तिन्ही क्रियापदं एकाच गावात.

जाता जाता, आग विझवायच्या फेसातली ती पीफास रसायनं. कार्बन-फ्लोरिनचा बंध सहसा तुटत नाही म्हणून इंग्रजीत 'फॉरेव्हर'. त्यांना 'कायमची रसायनं' असं मुळमुळीत काय म्हणता? 'अक्षर रसायनं' म्हणा. झिजत नाहीत म्हणून अक्षर, आणि भूजलात पाझरतात ती पुन्हा क्षर्‌नेच. एका धातूने दोन्ही कामं केली!

हां, तुमची विहीर राहिली. 'जमिनीतून झिरपून विहिरीत पाझरलं' असं लिहा.