परमिट रूम आणि कमरेचं पिस्तूल

चि. फौजदारसाहेब,

अनेक आशीर्वाद. ड्युटी संपल्यावर शिरोलीकडं परमिट रूममध्ये मित्रांबरोबर बसताना सर्व्हिस पिस्तूल कमरेला असलं तर चालतं का, असं विचारलंस. उत्तरही तूच देऊन टाकलंस: महाराष्ट्र पोलीस अधिनियम, कलम २८, पोलीस कायम कर्तव्यावर समजला जातो. हे कलम आपल्या लोकांना सोयीच्या वेळी बरोबर आठवतं. अरे, १९५१ साली ते लिहिलं ते सरकारला तुला रात्री-अपरात्री, राज्यात कुठंही कामाला जुंपता यावं म्हणून. हातात ग्लास असताना तू कुठलं कर्तव्य बजावत होतास, ते चौकशी अधिकाऱ्याला सांगून बघ.

शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम ४५ लोकसेवकाला परवान्यातून सूट देतं, पण कर्तव्य करताना बाळगलेल्या शस्त्रापुरती. २८ आणि ४५ जोडून एखादा वकील तुला सोडवेलही. तोवर निलंबनात किती वर्षं जातील, ते धर.

खरं तर बारचं नाव घेऊन सरळ मनाई कायद्यातच हवी होती. अमेरिकेनं २००४ मध्ये ऑफ ड्युटी पोलिसाला देशभर पिस्तूल झाकून बाळगायची मुभा दिली. पण दारूच्या अंमलाखाली असलेल्याला ती नाही, हे त्याच कायद्यात लिहून ठेवलं. टेक्सासात ज्या जागेची निम्म्याहून जास्त कमाई दारूवर, तिथं लाल ५१ ची पाटी लागते आणि परवानाधारकालाही पिस्तूल आत नेता येत नाही. पोलिसाला मात्र तिथं सूट आहे. मला ती पटत नाही. दारू काय वर्दी बघून चढते?

नियम बाजूला ठेव आणि टेबल डोळ्यांसमोर आण. तिसरा राउंड झालेला, तांबडा रस्सा आलेला, आणि एकजण म्हणतो, ‘बघू तर दे की भावा, एकदाच.’ तू नाही म्हणालास तर भाव खातोस. दिलंस तर मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं असं समजणारा एकतरी त्या टेबलावर असतोच. चेंबरमध्ये आधीच चढलेली गोळी त्याच्या गावीही नसते. गोळी सुटली तर ‘शुद्धीत नव्हतो’ म्हणून सुटका नाही. स्वतःहून प्यालेल्याला शुद्धीतल्या माणसाइतकीच जाण होती, असं भारतीय न्याय संहितेचं कलम २४ धरून चालतं.

उद्या स्वतःच्या परवान्याचं घेतलंस तरी २०१६ चे शस्त्र नियम आहेतच: सार्वजनिक ठिकाणी होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं, आणि तुझ्या ताब्यात. तीन पेगनंतर ताबा कुणाचा, ते तूच सांग. हवेत गोळी झाडायचं तर डोक्यातही आणू नकोस. आपल्याकडं भर चौकात तलवारीनं केक कापणारे आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो. बेफिकीर गोळीबारानं दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर २०१९ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणि हो, तुझं वय चोवीस. बिअरला २१ पुरतात, व्हिस्कीला २५ लागतात. धाड घालायला तूच जाणार आहेस ना?

ड्युटी संपली की पिस्तूल आणि गोळ्या मोजून कोतात, म्हणजे ठाण्याच्या शस्त्रागारात, जमा कर, रजिस्टरला नोंद कर, सही बघ, मग कपडे बदल. गाडीच्या डिकीत ठेवतो म्हणालास, ते सगळ्यात वाईट. बारबाहेर लावलेल्या गाडीतून हत्यार गेलं तर ते कुठल्या गुन्ह्यात सापडेल याचा नेम नाही, आणि पिस्तुलाच्या नंबरावरून पहिलं नाव तुझं निघेल.

त्या जुन्या गुन्ह्यातल्या पोरांकडून धोका आहे म्हणतोस, तो मी हसण्यावारी नेत नाही. साहेबांना लेखी अर्ज दे, धमकीची स्टेशन डायरीला नोंद घे, आणि ड्युटीनंतर हत्यार जवळ ठेवायचा आदेश लेखीच माग. तोंडी ‘ठेव रे’वर जाऊ नकोस. आदेश मिळाला तर तो असेपर्यंत परमिट रूम बंद. मित्रांना घरी जेवायला बोलाव, वहिनींना आधी सांगून.

तुझा,
काका