ऐच्छिक रकाने: भरू की सोडू?

अगं, घाबरू नकोस. अमेरिकेतल्या जेडीच्या (तिथल्या कायद्याच्या पदवीच्या) अर्जात ‘ऐच्छिक’ दिसलं की आपण एकतर सगळं भरतो, नाहीतर सगळं सोडतो. मी भरणाऱ्यातली. डेक्कनला चहावर चहा पीत चार निबंध खरडले आणि चौथ्यात पर्सनल स्टेटमेंटचीच, म्हणजे अर्जातल्या मुख्य निबंधाचीच, गोष्ट पुन्हा सांगितली. मेहनत वाया!

तू सुरुवातीला एवढंच बघ:

– ‘आमचंच लॉ स्कूल का?’ विचारलं असेल तर लिहीच. मात्र नाव बदलून तोच मजकूर दुसरीकडे खपत असेल, तर नको. कुठलं लीगल क्लिनिक (जिथे विद्यार्थी खऱ्या केसेसवर काम करतात), कशासाठी, ते सांग.

– पार्श्वभूमीचा निबंध. प्रवेश देताना वंश बघायला मनाई करणाऱ्या २०२३ च्या तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर बऱ्याच ठिकाणी हे प्रश्न नव्याने लिहिलेत, त्यामुळे सीनियरचा जुना निबंध समोर ठेवून बसू नकोस. आणि ‘मी भारतीय आहे’ एवढ्यावर भागत नाही. आजोबांच्या जमिनीच्या दाव्यासाठी सातबारा, फेरफार पिशवीत घालून तू शिवाजीनगर कोर्टात तासन्‌तास बसायचीस ना? ते लिही.

– अॅडेंडम, म्हणजे खुलाशाची छोटी पुरवणी, फक्त ठोस कारण असेल तर. तुझं तिसरं सेमिस्टर आजारपणात गेलं, चार ओळी पुरे. रडगाणं नको. एलएसएटीला (लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेला) दोन गुण कमी पडले, याचा खुलासा तर मुळीच नको.

शिस्तभंग, पोलीस केस यांचे प्रश्न मात्र ऐच्छिक नसतात हं. तिथे खरं तेच.

मसुदा पाठव, रविवारी बघते.