नेमबाजी सल्ला : नवी रायफल घ्यावी की सराव वाढवावा?

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. दोन वर्षे १० मीटर एअर रायफल खेळल्यावर आता क्लबच्या .२२ रायफलवर त्याने ५० मीटर प्रोन (पालथे झोपून नेमबाजी) सुरू केले आहे. क्लबची रायफल जुनी, अ‍ॅन्शुट्झ या जर्मन कंपनीची आहे. सगळे म्हणतात, स्वतःची नवी रायफल आल्याशिवाय गुण चढणार नाहीत. घरातले थोडे सोने मोडून रायफल घ्यावी का?
— एक पालक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : सोने मोडण्याआधी दोन सकाळी आणि १०० गोळ्या खर्च करा. सगळ्या गोळ्या एकाच लॉटच्या, म्हणजे कारखान्यातल्या एकाच खेपेच्या, हव्यात. पहिल्या सकाळी, वारा उठायच्या आत, रायफल पुढे-मागे वाळूच्या पिशव्यांवर टेकवून १०-१० गोळ्यांचे पाच ग्रुप कागदी टार्गेटवर मारायला सांगा. दुसऱ्या सकाळी तेवढेच पाच ग्रुप स्लिंग (रायफलचा दंडाला बांधायचा पट्टा) लावून नेहमीच्या प्रोनमध्ये. प्रत्येक ग्रुपमधल्या सर्वांत लांबच्या दोन छिद्रांचे मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मोजा आणि पाचांची सरासरी काढा. तीन गोळ्यांचा सुंदर ग्रुप दाखवून कोणी काही पटवू लागले तर ऐकू नका. तीच रायफल आणि तोच नेमबाज असला तरी १० गोळ्यांचा ग्रुप तीन गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरी दीडपटीहून मोठा येतो. तीन गोळ्यांत नशिबाचा वाटा फार असतो.

समजा पिशवीवरून १६ मिलिमीटर आले आणि प्रोनमध्ये ४३. रायफल-गोळीचा विस्कार (गोळ्यांचे विखुरणे) आणि नेमबाजाचा विस्कार सरळ बेरजेने एकत्र येत नाहीत. दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे लागते. ४३चा वर्ग साधारण १,८५०. त्यातून १६चा वर्ग, म्हणजे २५६, वजा केला की उरलेल्याचे वर्गमूळ ४०च्या आसपास येते. हा ४० मिलिमीटर मुलाचा स्वतःचा वाटा. आता पिशवीवरून ८ मिलिमीटर देणारी, म्हणजे दुप्पट अचूक रायफल आणली, तर प्रोनचा ग्रुप ४३वरून ४१वर येईल. त्याऐवजी जुन्याच रायफलवर मुलाचा वाटा ४०वरून ३०वर आला, तर ग्रुप ३४ होईल. दोन मिलिमीटरसाठी सोने मोडू नका.

आकडे उलट आले, म्हणजे पिशवीवरून २५ आणि प्रोनमध्ये ३०, तर मुलाचा वाटा फक्त १७ निघतो आणि साधनाला दोष देणे रास्त ठरते. तरीही लगेच नवी रायफल नको. आधी अ‍ॅक्शनचे स्क्रू टॉर्क रेंचने तपासा. अशा रायफलींना बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास लागतो, पण कंपनीच्या पुस्तिकेतला आकडाच पाळा. मग मागची आणि पुढची साइट (नेम धरायचे साधन) हाताने हलवून पाहा, बॅरल नीट साफ करा आणि शेवटी गोळीचे चार-पाच लॉट तपासा. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या गोळीचे दोन लॉट एकाच बॅरलमधून वेगळे ग्रुप देतात. प्रत्येक लॉटचे १० गोळ्यांचे चार ग्रुप घ्या आणि जो लॉट जुळेल त्याच्या हंगामभर पुरतील एवढ्या पेट्या एकदम घ्या. बऱ्याचदा प्रश्न इथेच सुटतो.

पैसे कशावर घालावेत, तर आधी गोळ्यांवर, मग अंगाला नीट बसणाऱ्या जॅकेटवर, मग प्रशिक्षकाच्या वेळेवर. १७व्या वर्षी खांदे अजून रुंदावत असतात, म्हणून जॅकेट पुढे सैल करता येईल असे शिवून घ्या. क्लबच्या रायफलची बट-प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीक-पीस (गालाला टेकणारा भाग) त्याच्या मापाला लावून घ्या, आणि ते माप वहीत लिहून ठेवा, कारण तीच रायफल उद्या दुसरा कोणी वापरेल.

मुलाचा ४०चा वाटा कमी करायचा, तर रोज घरी २० मिनिटे ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे गोळी न भरता सराव, हवी. रायफल घरी नेण्याची परवानगी नसेल, तर तेवढाच वेळ रेंजवर गोळीबाराआधी काढा. .२२ रिमफायर रायफल रिकामी चालवू नये, कारण फायरिंग पिन चेंबरच्या (गोळी बसते त्या जागेच्या) कडेवर आदळते. ड्राय-फायरची सोय असलेला ट्रिगर नसेल तर उडवलेल्या गोळीची रिकामी केस (पुंगळी) आत ठेवून, दर वेळी ती थोडी फिरवून सराव करावा. पोझिशन घ्यावी, डोळे मिटावेत, दोन-तीन सावकाश श्वास घ्यावेत आणि डोळे उघडून साइट कुठे सरकली ते पाहावे. बाजूला सरकली असेल तर हाताने ओढून मध्यावर आणू नये. डावी कोपर जागेवर ठेवून कमरेपासून सगळे अंग फिरवावे. वर-खाली असेल तर अंग पुढे-मागे सरकवावे. ओढून आणलेला नेम ट्रिगर सुटताच मूळ जागी परत जातो, आणि नवशिक्यांच्या ‘उगाच उडालेल्या’ गोळ्यांचे मोठे कारण हेच असते.

दुसरी सवय कॉलची. ट्रिगर सुटला त्या क्षणी साइट कुठे होती ते, स्क्रीन पाहण्याआधी, वहीत लिहायचे : ‘९, चार वाजता’, म्हणजे नऊ गुण, घड्याळातल्या चारच्या दिशेला. कॉल आणि गोळी जुळली तर चूक पोझिशनची किंवा ट्रिगरची. कॉल मध्यावर आणि गोळी वारंवार एकाच बाजूला, तर वारा किंवा झिरो, म्हणजे साइटची जुळणी. कॉल चांगला आणि गोळ्या चहूकडे विखुरलेल्या, तर गोळी किंवा रायफल. दोन महिन्यांची अशी वही हाती असेल तर कुठल्याही विक्रेत्यासमोर बसायला हरकत नाही.

प्रश्न : ५० मीटरवर माझ्या गोळ्या उभ्या ओळीत पडतात, आडवा विस्कार फार नसतो. ट्रिगर बदलू का?
— एक खेळाडू, तिलकनगर, इंदूर

उत्तर : ट्रिगरला हात लावू नका. उभ्या ओळीची कारणे बहुधा तीन. पहिले, श्वास दर वेळी वेगळ्या टप्प्यावर थांबतो. उच्छ्वासानंतरच्या नैसर्गिक विसाव्यात थांबा आणि सात-आठ सेकंदांत गोळी सुटली नाही तर रायफल उतरवा. दुसरे, स्लिंग दंडावर नाडीच्या ठोक्यावर बसली आहे. साइट ठोक्यासरशी वर-खाली होते का ते ड्रायमध्ये नीट दिसते. तशी होत असेल तर स्लिंग दंडावर वर किंवा बाहेरच्या बाजूला सरकवा. तिसरे कारण गोळीचा वेग. .२२ मॅच गोळी साधारण ३२५ मीटर प्रति सेकंदाने निघते आणि ५० मीटर जाईपर्यंत सुमारे साडेबारा सेंटिमीटर खाली येते. दोन गोळ्यांच्या वेगात १० मीटर प्रति सेकंदाचा फरक असेल, तर हिशेबाने सात-आठ मिलिमीटरचा उभा फरक पडतो. दहाचे वर्तुळ मुळात १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे स्वस्त गोळी एकटीच दहाचा नऊ करू शकते. पिशवीवरूनही उभी ओळच आली तर गोळी बदला. पिशवीवरून गोल ग्रुप आला तर श्वास आणि स्लिंग पाहा.

प्रश्न : सकाळी झिरो अगदी मध्यावर असतो, दुपारी गोळ्या डावीकडे वर जातात. एप्रिल-मेमध्ये तर रोज. साइटमध्ये दोष आहे का?
— एक वाचक, महू

उत्तर : साइट निर्दोष असावी. तुमच्याकडे वारा उजवीकडून येत असेल. बॅरलच्या आतले आटे (गोळीला फिरवणाऱ्या खाचा) उजवीकडे वळणारे असतील, तर उजवीकडचा वारा गोळीला डावीकडे ढकलता ढकलता थोडी वरही नेतो आणि डावीकडचा वारा उजवीकडे खाली. म्हणून वाऱ्याच्या दिवशीचा ग्रुप आडवा न दिसता तिरका दिसतो, घड्याळातल्या दहापासून चारपर्यंत. ही खूण ज्याला माहीत नसते तो साइट फिरवत बसतो आणि वारा पडला की उलट्या बाजूला चुकतो.

५० मीटरवर अंगावरून आडवा जाणारा १ मीटर प्रति सेकंदाचा वारा .२२ गोळीला ५ ते ७ मिलिमीटर सरकवतो. एवढा वारा गालाला जेमतेम जाणवतो. या आकड्याचे वजन कळावे म्हणून एक तुलना देतो. पॅरिस २०२४मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतले तेव्हा त्याचे गुण ४५१.४ होते, ४४ गोळ्यांत, म्हणजे गोळीमागे सरासरी १०.२६ (तिथे गुण दशांशात मोजतात). याचा अर्थ नीलिंग (गुडघ्यावर), प्रोन आणि स्टँडिंग (उभे) या तिन्ही पोझिशन मिळून त्याची गोळी मध्यापासून सरासरी साडेपाच-सहा मिलिमीटरवर पडत होती. त्या दर्जाच्या नेमबाजाची अख्खी चूक जेवढी, तेवढी चूक न ओळखलेला एक मंद वारा एकटा करतो. आणि कितीही महाग रायफल वारा वाचून देत नाही.

वारा वाचायला शिकताना जवळच्या झेंडीला जास्त मान द्या. ५० मीटर रेंजवर झेंड्या १० आणि ३० मीटरवर असतात, ३०० मीटरला १०, ३०, १०० आणि २०० मीटरवर. बंदुकीजवळ गोळीला दिशा चुकली तर ती चूक पुढच्या सगळ्या अंतरात वाढत जाते. टार्गेटजवळच्या वाऱ्याला ढकलायला वेळच उरत नाही. दिशेचा हिशेब सोपा आहे. थेट आडवा वारा पूर्ण धरायचा, गोळीच्या मार्गाशी ३० अंशांचा वारा निम्मा, ४५ अंशांचा सुमारे ७० टक्के आणि ६० अंशांचा जवळपास पूर्णच.

माळव्यातल्या उन्हाळ्याचा एक फायदा म्हणजे तापलेल्या जमिनीवरचे मृगजळ. स्पॉटिंग स्कोप टार्गेटवर फोकस करून मग थोडा अलीकडे आणा, हवेच्या लाटा दिसू लागतील. लाटा तिरक्या वाहत असतील तर वारा मंद, जवळपास आडव्या झाल्या तर जोराचा. त्या जागच्या जागी वर उकळत असतील तर वारा एकतर पडला आहे किंवा गोळीच्या रेषेतच आहे. उकळी दिसते त्या क्षणी गोळी सोडू नका, कारण पुढच्या क्षणी वारा कोणत्या बाजूने येईल ते सांगता येत नाही.

सामन्यात साइट सतत फिरवण्यापेक्षा एक स्थिती निवडा. दिवसात सर्वांत जास्त वेळ टिकणारा वारा कोणता ते सायटर (गुण न धरता मारायच्या चाचणीच्या) गोळ्यांत ठरवा, त्यावर झिरो करा आणि तो परत येईपर्यंत थांबा. थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत ६० गोळ्यांना ९० मिनिटे मिळतात, त्यामुळे थांबायला जागा असते. मात्र शेवटच्या गोळ्यांसाठी वेळ राखून ठेवा. खेरीज गोळ्यांचा डबा उन्हात ठेवू नका. तापलेली गोळी वेगळ्या वेगाने निघते, आणि जानेवारीच्या सकाळी लावलेला झिरो मेच्या दुपारी तसाच राहील असे धरू नका.

प्रश्न : लांब अंतरासाठी २५ पटीची दुर्बीण लावली तर नेम सुधारेल का?
— एक विद्यार्थी, रामबाग, इंदूर

उत्तर : आंतरराष्ट्रीय नियमांच्या ५० आणि ३०० मीटर रायफल स्पर्धांत रायफलवर दुर्बीण चालतच नाही, तिथे भोकाची साइट असते. सरावापुरती लावायची असेल तरी लक्षात ठेवा, पट वाढले की टार्गेटबरोबर तुमचा कंपही तेवढ्याच पटींनी मोठा दिसतो. मग साइट मध्यावर आली की ट्रिगर हिसकायची सवय लागते, ती पुढे मोडायला महिने जातात. १० ते १२ पट पुरेसे आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रायफलचा कल. पाच अंश कलली तर ५० मीटरवर गोळी त्या बाजूला सुमारे १ सेंटिमीटर जाते, आणि जसजसे अंतर वाढते तसतशी ही चूक अंतरापेक्षा वेगाने वाढते. थोडा कल ठेवून मारणारे चांगले नेमबाज आहेत, पण त्यांचा कल दर गोळीला तोच असतो. आरशासमोर पोझिशन घेऊन आणि साथीदाराला मागून फोटो काढायला सांगून हे फुकटात तपासता येते.

प्रश्न : घरी सरावाला एअर रायफल घ्यायची आहे. परवाना लागतो का?
— एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. बिलावर दोन्ही आकडे लिहून घ्या. .२२ फायरआर्म असल्याने तिला शस्त्र अधिनियम १९५९खाली परवाना लागतोच. घरात १० मीटरची मोकळी जागा असली तरी टार्गेटमागे पोलादी पेलेट ट्रॅप (छर्रे अडवणारी पेटी) हवा. नुसत्या लाकडी फळीवरून पेलेट उलट उडते. बाजूच्या दाराला आतून कडी लावा आणि त्या खोलीत असणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांना चष्मा हवा, मोजणी करणाऱ्या धाकट्या भावंडाच्याही.