समोवार म्हणजे आपला बंबच की!

बाईंना विचारा

प्रश्न : बाई, नमस्कार. आम्ही निपाणीचे. मुलगी 11 वर्षांची, मुलगा 8 वर्षांचा. दोन वर्षांपासून दोघंही घरीच शिकतात. सासऱ्यांच्या जुन्या ट्रंकेत मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं निघाली आणि तेव्हापासून घरात नुसता रशिया चालू आहे. मुलांनी तक्ते केले, पुठ्ठ्याचं क्रेमलिन, म्हणजे मॉस्कोचा किल्ला, केलं. आता होळीच्या सुमारास गल्लीतल्या सगळ्यांना बोलावून 'रशियाचा दिवस' करायचा म्हणतात. बीटाचं बोर्श्च करून वाढणार आहेत. सासूबाई म्हणतात, आधी कन्नड धड येऊ दे. शेजारी विचारतात, शाळा नाही ते नाही, वर रशिया शिकून काय मिळणार? आमचं चुकतंय का? आणि करायचंच तर काय काय ठेवावं? — एक आई, निपाणी

(पाकिटात मुलीची वेगळी चिठ्ठी होती : 'आज्जी, मला रशियन अक्षरं येतात. पण सांगायला गेलं की सगळे दोन मिनिटांत कंटाळतात. काय करू?')

उत्तर : आधी चिठ्ठीचं बोलते, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यातच आहे.

मी शिकवत होते तेव्हा एकदा आम्ही शाळेत देशोदेशींचं प्रदर्शन भरवलं. वीस टेबलं, वीस देश. मुलांनी राजधानी, लोकसंख्या, चलन, सगळं पाठ केलेलं. पालक आले, हसले, पुढे गेले. गर्दी झाली ती एकाच टेबलाशी. तिथं एक मुलगी काही न सांगता येईल त्याच्या हातात चौकोनी कागद देत होती आणि जपानी पक्ष्याची घडी घालायला शिकवत होती. त्या दिवशी मला कळलं की इतर एकोणीस टेबलांवरची चूक मुलांची नव्हती, माझी होती. मी त्यांना दाखवायला शिकवलं होतं, पाहुण्यांना काही करायला द्यायला शिकवलंच नव्हतं.

म्हणून क्रेमलिन राहू दे, पण कोपऱ्यात. मधोमध मांडा बंब. तुमच्या माळ्यावर तांब्याचा बंब असेलच, नसला तर सासूबाईंना विचारा कुणाकडे आहे. रशियाचा समोवार आतून अगदी तसाच : मध्ये निखाऱ्यांची उभी नळी, भोवती पाणी, खाली तोटी. आपण अंघोळीचं पाणी तापवलं, त्यांनी चहाचं. 'समो' म्हणजे स्वतः, 'वार' उकळण्यातला. वर छोट्या किटलीत कडक कोरा चहा असतो, तो कपात थोडा घ्यायचा आणि समोवारचं पाणी ओतून हवा तेवढा फिका करायचा. तूला हे गाव या समोवारांसाठी प्रसिद्ध. तिथला पहिला कारखाना 1778 सालचा. मुलांनी बंबाचं झाकण काढून आतली नळी दाखवावी, मग पाहुण्यांच्या हातात कोऱ्या चहाचा कप आणि चमचाभर गुळांबा द्यावा. रशियात चहाबरोबर फळांचा मुरंबा चमच्यानं खातात, त्याला म्हणतात वारेन्ये. त्यातही तोच उकळण्याचा 'वार'. (चहाचं पाणी मात्र स्टोव्हवर तापवा, जुन्या बंबाला आतून कल्हई नसते.) सासूबाईंना बंबाशीच बसवा. आयुष्यभर बंब पेटवलेल्या बाईपेक्षा त्यातलं जास्त कोण सांगणार?

होळीची वेळ मुलांनी फार चांगली निवडली आहे. रशियात साधारण फेब्रुवारी-मार्चमध्येच मास्लेनित्सा येते, चर्चचा मोठा उपवास सुरू होण्याआधीचा आठवडा. शेवटच्या दिवशी गवताची बाहुली जाळून थंडीला निरोप देतात आणि आठवडाभर ब्लिनी खातात, सूर्यासारखी गोल आणि पातळ. अंड्याशिवाय करायची असतील तर गव्हाचं पीठ, दूध आणि थोडं यीस्ट घालून पीठ फुगू द्या आणि बिडाच्या तव्यावर घाला. आपली आंबोळीच समजा. रशियन लोक म्हणतात, पहिल्या ब्लिनचा गोळाच होतो. आपलीही पहिली आंबोळी तव्याला चिकटते. हे वाक्य मुलीनं पहिलं ब्लिन उलटताना म्हणावं. गल्लीतल्या एकाही काकूला रशिया परका वाटणार नाही.

आता बोर्श्च. इथं मात्र मी तुम्हाला थांबवणार आहे. बीट आपल्याकडे मुबलक, करायला काहीच हरकत नाही, पण त्यावर 'रशियाचं सूप' अशी पाटी लावू नका. रशियात ते घरोघरी होतं हे खरं, पण युक्रेनच्या लोकांचा त्यावर जीव आहे आणि 2022 च्या जुलैमध्ये युनेस्कोनं युक्रेनी बोर्श्चची परंपरा तातडीनं जपायच्या वारशांच्या यादीत घेतली. त्याच वर्षी फेब्रुवारीत रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या होत्या. मुलं विचारतील, गल्लीतलं कुणीतरी नक्की विचारेल. लपवू नका. 11 वर्षांच्या मुलीला सांगता येतं की ज्या देशाची गोष्ट आपल्याला आवडते त्याच देशाचं सरकार शेजाऱ्यावर रणगाडे घालतं, आणि दोन्ही खरं असतं. पाटीवर लिहा, 'बोर्श्च : युक्रेनचं, रशियातही घरोघरी'. एका पदार्थाच्या दोन चुली असतात आणि मालकीवरून मनं दुखावतात, हे सीमाभागातल्या माणसाला फोड करून सांगावं लागत नाही.

शेजाऱ्यांचा प्रश्न, रशिया शिकून काय मिळणार? त्यांना अफनासी निकितीनची गोष्ट सांगा. व्होल्गाकाठच्या त्वेर गावचा हा व्यापारी 1469 च्या सुमारास कोकणातल्या चौलला जहाजातून उतरला, विकायला एक घोडा घेऊन. वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. पावसाळ्यात तो जुन्नरला अडकला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं त्यानं लिहून ठेवलंय. लोक आपल्यामागून चालतात, गोऱ्या माणसाचं नवल करतात, हेही लिहिलंय. जुन्नरच्या खानानं घोडा काढून घेतला, तो परत मिळवताना बिचारा हैराण झाला. मग बहामनी सुलतानाच्या राजधानीत, बिदरला गेला. तिथल्या 'मलिक-उत-तुज्जार' असा किताब असलेल्या ज्या माणसाबद्दल तो लिहितो तोच सुलतानाचा वजीर महमूद गावान, ज्यानं 1472-73 च्या सुमारास आपल्या बेळगावच्या किल्ल्याला वेढा घालून तो घेतला. घरी पोचायच्या आधीच, स्मोलेन्स्कजवळ, निकितीन वारला. वह्या तेवढ्या मॉस्कोला पोचल्या. साडेपाचशे वर्षांपूर्वी एक परका माणूस आपला चिखल, आपलं जेवण, आपले बाजार मन लावून टिपत होता. तुमची मुलं आज त्याच्या गावाचं तसंच मन लावून टिपतायत. यातून काय मिळणार हा प्रश्न त्यालाही कुणी विचारला असेल. नकाशावर त्वेर ते चौल ते बिदर अशी लाल लोकर मुलानं ताणावी आणि बेळगावला टाचणी लावावी.

सासूबाईंचं कन्नडबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, पण दोन्हींत भांडण नाही. रशियन मुलांची सगळ्यात लाडकी लोककथा घ्या. आजोबा सलगम लावतो, ते एवढं मोठं होतं की उपटेना, मग आजी, नात, कुत्रा, मांजर एकामागे एक ओढतात, शेवटी उंदीर येतो आणि सलगम सुटतं. सलगमच्या जागी आपला मुळा घ्या. गल्लीतली मुलं पात्रं होतील. एकदा मराठीत करा, लगेच दुसऱ्यांदा कन्नडमध्ये, मुळ्याची मूलंगी करून. शेजारच्या कन्नड काकूंना उच्चार दुरुस्त करायला बसवा. एका ओळीची पुन्हापुन्हा आवर्तनं असल्यानं मुलाला वाक्यं आपोआप बसतील. आणि शाळेचं कोण बोललं तर एवढंच सांगा की वयाची 14 वर्षं झाली की मुक्त विद्यालयाच्या दहावीला बसता येतं. बाकी वाद घालू नका.

आता चिठ्ठीवाल्या मुली, तुझं. तू अक्षरं दाखवू नकोस, लोकांची नावं लिहून दे. रशियन वर्णमालेत 33 अक्षरं. इंग्रजी 'पी'सारखं दिसतं ते 'र', 'एच'सारखं दिसतं ते 'न', 'बी'सारखं ते 'व'. हे सांगितलंस की माणूस थबकतो. मग त्याचं नाव विचार, आणि वडिलांचंही. आपल्यासारखंच तिकडे मधलं नाव वडिलांचं असतं, आणि मोठ्या माणसाला मानानं हाक मारायची तर आडनावानं नाही, स्वतःचं आणि वडिलांचं नाव जोडून. कुणाचे वडील विनायक असतील तर मुलगा विनायकोविच, मुलगी विनायकोव्ना. छोट्या पट्टीवर सुंदर अक्षरात लिहून हातात दे. माझे वडील मधुकर. मी आले तर माझी पट्टी तू लिहायची आहेस. आणि 'द्वेर' म्हणजे द्वार, 'ब्रात' म्हणजे भ्राता, 'द्वा' म्हणजे दोन, हे भावाला पाठ करून ठेव. दारात तो उभा असेल ना?