चवथ आटोपून आफ्रिकेला

मागच्या एका अंकात मी टांझानियातल्या सेरेंगेटीच्या विल्डबीस्टवर, म्हणजे बैलासारख्या दिसणाऱ्या मोठ्या आफ्रिकी हरणांच्या कळपांवर, थोडं लिहिलं होतं. त्यानंतर टपालाने आणि फोनवरून बरेच प्रश्न आले. त्यातले तीन इथे घेते.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका आहे. यजमानांचं सावईवेऱ्याला कुळागर आहे. विल्डबीस्टचे कळप नदी ओलांडताना बघायची आम्हा दोघांची फार वर्षांची इच्छा आहे. सगळे म्हणतात ऑगस्टमध्ये जा. पण आमची चवथ पाच दिवसांची, घर सोडता येत नाही, आणि मार्चपासून काजूचं काम. एका सहल कंपनीने सात दिवसांत केनिया आणि टांझानिया मिळून पाच अभयारण्यं दाखवतो म्हटलंय. पैसे भरावेत का?
— फोंडा तालुक्यातील एक वाचक भगिनी

उत्तर: ताई, पैसे भरू नका. आणि चवथ सोडायचीही गरज नाही.

आधी पाच अभयारण्यांचं बघू. एकट्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्रफळ १४,७६३ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपले जवळजवळ चार गोवे त्यात मावतील. नकाशावर केनियाचं मसाई मारा त्याला चिकटून दिसतं. विल्डबीस्ट ती सीमा हवी तेव्हा ओलांडतात, पर्यटकाला मात्र उद्यानातून उद्यानात जाता येत नाही. इसेबानियाच्या सरहद्द नाक्यावरून वळसा घालून जावं लागतं आणि त्यात अख्खा दिवस जातो. सात दिवसांत पाच ठिकाणं केलीत तर तुम्ही जनावरांपेक्षा पेट्रोल पंपच जास्त बघाल. मी पहिल्या खेपेला हेच करून बसले. आठ दिवसांत सहा मुक्काम, रोज पहाटे बॅग भरायची. आज त्यातली निम्मी ठिकाणं मला आठवतही नाहीत. एक देश निवडा आणि एकाच तळावर निदान चार रात्री राहा.

आता महिना. कळप वर्षभर चालत असतात, तेव्हा प्रश्न फक्त तुम्ही निघाल तेव्हा ते कुठे असतील एवढाच. जानेवारीअखेरीपासून मार्चपर्यंत ते सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्दुतूच्या आसपासच्या आखूड गवताच्या माळावर असतात. तिथे विणी होतात. एप्रिल-मेच्या मोठ्या पावसात ते पश्चिमेकडे सरकतात, जूनच्या सुमाराला ग्रुमेटी नदीपाशी पोचतात. जुलै ते ऑक्टोबर उत्तरेला, मारा नदीच्या दोन्ही काठांवर. नोव्हेंबरच्या पावसावर पुन्हा दक्षिणेकडे. पाऊस मागेपुढे झाला की हे सगळं पंधरा दिवसांनी सहज हलतं, म्हणून कुणी तुम्हाला नदी ओलांडण्याची तारीख सांगितली तर विश्वास ठेवू नका.

तेव्हा नदीच बघायची असेल तर चवथ आटोपून सप्टेंबरच्या अखेरीला निघा. कळप तेव्हाही मसाई मारात किंवा पलीकडे टांझानियाच्या कोगातेंदे भागात असतात. तुमच्या घरचा म्हाळ कुठल्या तिथीला येतो तेवढं आधी बघून घ्या. खर्च मात्र धरून चाला: २०२४ पासून मसाई मारात परदेशी प्रौढाला प्रवेशासाठी जुलै ते डिसेंबरात दिवसाला २०० डॉलर पडतात, जानेवारी ते जूनमध्ये १००. दोघांचे तीन दिवसांचे नुसत्या प्रवेशाचेच १,२०० डॉलर झाले.

पण माझं मत विचाराल तर तुम्ही फेब्रुवारीत न्दुतूला जा. का ते सांगते.

मारा नदीच्या काठावर मी एकदा सकाळी साडेनऊपासून दुपारी पावणेतीनपर्यंत बसले होते. समोरच्या काठावर हजारो विल्डबीस्ट जमलेले. त्यांचा आवाज दुरून अगदी जूनमधल्या आपल्या खाजन शेतातल्या बेडकांसारखा येतो, घशातल्या घशात, न थांबणारा. पुढची चार-पाच जनावरं पाण्यापर्यंत उतरायची, वास घ्यायची, मागे फिरायची. शेवटी एकाने पाय पाण्यात घातला. तेवढ्यात आमच्या बाजूची एक गाडी जवळून फोटो मिळावा म्हणून थेट उताराच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली, तिच्यामागे दुसरी, मग सात-आठ. जिथून कळप वर चढणार होता ती वाटच बंद झाली. जनावरं बिथरली आणि धुळीचा लोट उडवत सगळा कळप माघारी पळाला. सकाळपासून तहानलेली ती जनावरं होती, त्यांच्यात त्याच वर्षीची पिल्लं होती. आमची गाडी मागे होती, तरी गर्दीत आम्हीही होतोच, आणि ते मला आजही बोचतं. म्हणून तुम्ही नदीवर गेलातच तर पैसे भरण्याआधी कंपनीकडून लिहून घ्या, की गाडी काठापासून लांब उभी राहील आणि पहिली जनावरं पाण्यात उतरल्याशिवाय पुढे जाणार नाही. असं लिहून देणारे लोक आहेत. जे हसून टाळतात त्यांच्याकडे जाऊ नका.

न्दुतूला असं ताटकळावं लागत नाही. कळपातली बहुतेक वासरं दोन-तीन आठवड्यांच्या आतच जन्मतात, ऐन भरात दिवसाला काही हजार. सकाळी अकराच्या सुमाराला आमच्यापासून तीसेक पावलांवर एक मादी सारखी ऊठबस करत होती. वासरू घसरून गवतावर पडलं, ओलं, तांबूस, कान डोक्याला चिकटलेले. पुढचे गुडघे टेकून मागचा भाग उचलला आणि कोसळलं. पुन्हा तेच. पाचव्यांदा चारही पाय जमिनीवर टेकले. आमचे चालक घड्याळ लावून बसले होते, ते म्हणाले, सात मिनिटं. मग ते वासरू लटपटत सरळ आमच्या गाडीकडे यायला लागलं. चालकांनी लगेच खुणेने सगळ्यांना स्तब्ध बसवलं. नुकतं जन्मलेलं वासरू जे मोठं हलताना दिसेल त्याच्या मागे जातं, आणि गाडीमागे लागलं तर आईला मुकतं. आई हुंकारली, वासरू वळलं, तेव्हा कुठे आम्ही श्वास सोडला. दूर एक तरस उभा होता हेही सांगायला हवं. तिथे तेही रोज बघावं लागतं.

जाताना वाटेत न्गोरोंगोरोचं विवर लागतंच, तिथे एक रात्र द्या. विवराच्या काठावर थंडी चांगलीच असते, आपल्याकडच्या डिसेंबरसारखी समजू नका, जाड स्वेटर हवाच. कपडे मातकट रंगाचे. गडद निळा आणि काळा टाळा, चावणाऱ्या त्सेत्से माशा त्या रंगांवर येतात. छोट्या विमानाने जाणार असाल तर साधारण १५ किलोची मर्यादा असते आणि बॅग मऊ कापडी लागते. आणि प्लास्टिकच्या पिशव्या अजिबात नकोत: केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून बंदी आहे. चकल्या, खाजें स्टीलच्या डब्यात भरा.

प्रश्न: आम्ही सहकुटुंब केनियाला जातोय. सासऱ्यांचं वय ६८. ते तारवटी होते, २००४ला निवृत्त झाले. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस या वयात सोसेल का?
— म्हापशाहून एक वाचक

उत्तर: आधी सासऱ्यांची जुनी पेटी उघडा! बोटीवर जाणाऱ्या बहुतेकांनी ही लस घेतलेली असते आणि त्याचं पिवळं कार्ड मिळालेलं असतं. पूर्वी ते दहा वर्षं चालायचं. जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरतात, जुनी कार्डंसुद्धा. कार्ड सापडलं आणि वाचता येण्यासारखं असलं तर पुन्हा टोचायची गरज नाही. त्यावर जुना पासपोर्ट क्रमांक असेल तर तो पासपोर्टही सोबत ठेवा.

नाही सापडलं तर मात्र घाई करू नका. साठीनंतर पहिल्यांदा ही लस घेणाऱ्यांत गंभीर त्रासाचा धोका वाढतो, तेव्हा नेहमीच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय टोचून घेऊ नका. अंड्याची ॲलर्जी असेल तर तेही सांगा. बाकीच्यांनी मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात चौकशी करून वेळ घ्यावी. लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते, कारण दाखला दहाव्या दिवसापासून लागू होतो. दाखल्याशिवाय केनियाहून परतलात तर मुंबईला उतरल्यावर तुम्हाला विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा.

प्रश्न: मी आठवीत आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी विचारतो. इतक्या जनावरांना वाट कोण दाखवतं? त्यांचा पुढारी असतो का? आणि झेब्र्यावर बसता येतं का?
— डिचोलीचा एक विद्यार्थी

उत्तर: बाळा, पुढारी नसतो. पाऊस पडला की तिकडे कोवळं गवत येतं आणि कळप तिकडे सरकतो. दक्षिणेचा माळ ज्वालामुखीच्या राखेचा आहे. त्या गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, दूध पाजणाऱ्या आयांना ते लागतं. पण पाऊस सरला की तिथे पाणी उरत नाही, म्हणून बारमाही मारा नदीकडे जावं लागतं. बरोबर झेब्रे असतात, सुमारे दोन लाख. ते गवताचे उंच, राठ शेंडे खातात, विल्डबीस्ट त्याखालचं खातात, आणि मागून येणारी छोटी हरणं नवे कोंब. एकाच ताटातलं तिघं वाटून खातात म्हण ना.

झेब्र्यावर बसणं सोपं नाही, तो माणसाळत नाही. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नैरोबीत एक डॉक्टर झेब्र्यावर बसून रोगी तपासायला जायचे, आणि ते आपल्या गोव्याचे होते! डॉ. रोझेंदो रिबेरो. हे तुझ्या वर्गात नक्की सांग.

प्रकल्पासाठी आणखी एक गोष्ट देते, मला ती सगळ्यांत जास्त आवडते. आज विल्डबीस्ट तेरा लाखांच्या आसपास असावेत असं सहसा धरतात, पण १९६१ मध्ये ते फक्त अडीच लाखांच्या घरात होते. बुळकांडी नावाचा गुरांचा रोग त्यांना मारत होता. तिथल्या मसाई लोकांच्या गाईंना लस टोचायला लागल्यावर गाई तर वाचल्याच, पण जंगलातल्या विल्डबीस्टांचाही रोग गेला, आणि १९७७पर्यंत त्यांची संख्या तेरा लाखांवर पोचली. २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. हा रोग आपल्याकडेही होता. तुझ्या आजोबांच्या गोठ्यात गुरं होती ना? मग लस टोचायला गावात कोण यायचं, गुरं कुठे जमवायचे, कुणाच्या घरची किती गेली, हे त्यांना विचार, आणि ते जसं सांगतील तसंच लिहून काढ.